लाल नसलेली लाल बिअर

रेड एल नावाच्या बिअरमध्ये लाल रंगाचं एकही द्रव्य नसतं. कोकमात असतं, बिटात असतं, रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून उतरलेलं असतं. जवापासून केलेल्या या बिअरमध्ये मात्र जे काही रंगीत आहे ते सगळं तपकिरी आहे. तरीही ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर स्वतःच बनवणाऱ्या पबमध्ये, समोर आलेला ग्लास खिडकीकडे धरला की आतली बिअर चक्क तांबडी दिसते. डोळ्यांची फसवणूक म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण ग्लासातून बाहेर पडणारा उजेड खरोखरच लाल असतो.

पडताळा घ्यायला फार काही लागत नाही. त्याच ग्लासातली चमचाभर बिअर पांढऱ्या बशीत ओता. बशीतली बिअर पिवळसर, जेमतेम सोनेरी दिसेल. द्रव तोच, रंग मात्र बदलला, आणि बदललं काय तर फक्त उजेडाला कापावं लागलेलं अंतर.

बिअरमधली तपकिरी द्रव्यं निळा-जांभळा उजेड सर्वात जास्त गिळतात, हिरवा त्याहून कमी आणि लाल सर्वात कमी. ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारी मंडळी, तिचा रंग आकड्यात मांडतात तेव्हा याच निळ्या-जांभळ्या टोकाशी, ४३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडाने मोजमाप करतात. एक सेंटीमीटर जाडीच्या थरात तो उजेड किती शोषला गेला हे आकड्यात मांडायचं (दहावा हिस्सा पार झाला तर १, शंभरावा झाला तर २) आणि त्या आकड्याला १२.७ ने गुणायचं. याला एसआरएम (स्टँडर्ड रेफरन्स मेथड) म्हणतात. फिकट लागरचा (लागर म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली बिअर, एल त्याहून उबेत आंबवलेली) एसआरएम तीन-चार असतो, काळ्याकुट्ट स्टाउटचा तीसच्या पुढे, आणि आयरिश पद्धतीच्या रेड एलचा साधारण ९ ते १४.

आता थोडं गणित. एसआरएम १२.७ असलेल्या बिअरच्या एक सेंटीमीटर थरातून त्या निळ्या-जांभळ्या उजेडाचा दहावा हिस्सा पार होतो. पुढच्या सेंटीमीटरला उरलेल्याचा दहावा. सात सेंटीमीटर रुंद ग्लासाच्या पलीकडे पोहोचेपर्यंत त्यातला एक कोटीवा भाग शिल्लक राहतो, म्हणजे काहीच नाही. हिरव्या उजेडापैकी पहिल्या सेंटीमीटरला शंभरातले साठेक भाग वाचतात, पण सात सेंटीमीटरनंतर दोन-तीनच उरतात. गडद लाल उजेड मात्र एवढं अंतर कापूनही निम्म्याहून थोडा जास्त टिकतो. बशीतल्या पातळ थरात हिरवा आणि लाल दोन्ही शाबूत राहतात, म्हणून तिथे पिवळा दिसतो. भरल्या ग्लासातून लाल तेवढाच निभावतो. रंग बिअरमध्ये जितका आहे तितकाच ग्लासाच्या पोटात आहे, असं म्हटलं तरी चालेल. उंच, अरुंद ग्लासात हीच एल नारिंगीकडे झुकते. ब्रूपबमधले पिवळे बल्ब तिला आणखी लाल करतात, कारण त्या उजेडात मुळातच लाल भाग जास्त असतो. आणि बिअर गढूळ असेल, यीस्ट नीट खाली बसलं नसेल, तर उजेड आतल्या आत विखुरतो आणि सगळा नखरा मातकट होतो. रेड एल नितळ असावी असा आग्रह असतो तो यासाठी.

रंगाला आकडा देण्याची धडपड विजेवर चालणाऱ्या उपकरणांच्या आधीची आहे. जोसेफ विल्यम्स लोव्हिबाँड हा इंग्रज ब्रूअरच होता. बिअरच्या रंगावरून तिचा दर्जा ठरवायचा तर दोन माणसांचं एकमत व्हायला हवं, म्हणून त्याने रंगीत काचपट्ट्यांचा संच केला. नमुन्याशेजारी एकेक पट्टी लावत जायचं आणि जुळली की तिचा क्रमांक लिहायचा. ही कल्पना त्याला सॉल्सबरीच्या कॅथेड्रलमधल्या रंगीत काचा बघून सुचली असं सांगतात. १८८५ मध्ये त्याने टिंटोमीटर नावाची कंपनी काढली. माल्टच्या पोत्यांवर आजही ‘अंश लोव्हिबाँड’ छापलेले दिसतात.

त्या पोत्यांकडे वळू, कारण रंग तयार होतो तो तिथे.

जव भिजवून त्याला मोड आणायचे, चार-पाच दिवसांनी ते वाळवून मोडांची वाढ थांबवायची, की माल्ट तयार. मराठी स्वयंपाकघराला ही क्रिया नवी नाही. नाचणीला मोड आणून, सावलीत वाळवून, दळून तान्ह्या बाळासाठी सत्त्व करतात ते जवळपास हेच. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरं (एन्झाइम) तयार होतात आणि ती पिठातल्या स्टार्चचे तुकडे पाडून साखर करू लागतात. म्हणून मोडाच्या नाचणीची पेज साध्या नाचणीइतकी घट्ट होत नाही. तेवढ्याच पातळ पेजेत जास्त पीठ मावतं, आणि बाळाच्या पोटात जास्त अन्न जातं. ब्रूअर हीच विकरं ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर कामाला लावतो. जे गोड पाणी निघतं ते हॉप्सच्या फुलांबरोबर उकळतो, गार करतो आणि यीस्टच्या हवाली करतो.

साधा फिकट माल्ट ८०-८५ अंशांपर्यंतच्या गरम हवेत वाळवलेला असतो. त्याची बिअर पिवळी होते. तापमान आणखी चढवलं की दाण्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी झोंबू लागतात. लुई-कामिय माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं आणि तिला त्याचंच नाव मिळालं. तिच्यातल्या पायऱ्यांचा सविस्तर नकाशा मांडला तो अमेरिकेतल्या जॉन हॉज यांनी, १९५३ मध्ये. मधली चाळीसेक वर्षं स्वयंपाकघरं आणि भट्ट्या ही अभिक्रिया न समजता बिनबोभाट वापरत होत्या. कांदा परतताना, पाव भाजताना, खवा आटवताना हेच घडतं. शेवटी मेलॅनॉइडिन नावाचे मोठाले तपकिरी रेणू तयार होतात आणि वाटेत शेकडो लहान, उडून जाणारे, वासाचे रेणू. माल्टॉल आणि फ्युरॅनिऑलला साखर जळण्याच्या जरा आधीचा गोड वास असतो. पायराझिन भाजलेल्या दाण्यांची आठवण करून देतात. काही अल्डिहाइडना कोऱ्या माल्टचा, बिस्किटासारखा वास असतो. रंग आणि वास एकाच भट्टीतून निघतात, ही गोष्ट पुढे चवीच्या वेळी महत्त्वाची ठरेल.

रेड एलमध्ये सहसा दोन खास धान्यं पडतात. पहिलं क्रिस्टल माल्ट. मोड आलेला जव न वाळवता ओलाच ६५-७० अंशांवर बंद ठेवतात. स्टार्चची साखर दाण्याच्या आतच होते. मग भाजलं की ती साखर टरफलाच्या आत घट्ट होऊन काचेसारखी कडक बनते. यातून कॅरॅमलची, टॉफीची चव येते. एका ब्रूअरने मला हे दाणे चघळायला दिले होते. दातांखाली कुरकुरतात, मग अचानक गोड लागतात. बाटलीभर बिअर पिऊनही कळणार नाही ते चिमूटभर दाण्यांनी कळतं, त्यामुळे ब्रूपबमध्ये कुणी आत डोकावू देत असेल तर आधी धान्य मागावं असं मी म्हणेन.

दुसरं धान्य म्हणजे भाजका जव. याला मोडसुद्धा आणलेले नसतात. कॉफीच्या बियांसारखा फिरत्या पिंपात दोनशे अंशांच्या पुढे भाजून जवळजवळ काळा केलेला असतो. रेड एलच्या रंगाची सगळी करामत याच्या प्रमाणात आहे. शंभर किलो धान्यात ९८ किलो फिकट माल्ट आणि फक्त दोन किलो भाजका जव घातला, तर साडेतीन एसआरएमची फिकट बिअर थेट बाराच्या आसपास जाते. पाच-सहा किलो घातला तर ती सरळ तपकिरी होते आणि करपट कडवटपणा डोकं वर काढतो. लाल रंगाची खिडकी अशी चिंचोळी आहे. भारतात जव मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणात पिकतो आणि साधा माल्ट इथेच होतो. पण असली खास धान्यं ब्रूपब बऱ्याचदा युरोपातून मागवतात. थोडंच लागतं, म्हणून परवडतं.

थोडंसं काळं धान्य घालून सगळी बिअर रंगवायची ही युक्ती १८१७ ची. त्याआधी लंडनची गडद बिअर पूर्णपणे तपकिरी माल्टची असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रूअरांच्या हाती द्रवात साखर किती हे दाखवणारा हायड्रोमीटर आला, आणि त्यांच्या लक्षात आलं की तपकिरी माल्ट स्वस्त वाटला तरी त्यातून साखर फारच कमी निघते. पैशाचा हिशेब फिकट माल्टच्या बाजूचा होता. पण गिऱ्हाइकाला गडद रंग हवा! मग कुणी जळकी साखर घालू लागलं, कुणी त्याहून वाईट काहीबाही. डॅनियल व्हीलरने १८१७ मध्ये माल्ट फिरत्या पिंपात भाजण्याचं पेटंट घेतलं आणि पेच सुटला. धान्याचाच रंग, कायद्याला धरून, चिमटीभर पुरणारा. आपल्या ग्लासातली लाली त्या हिशेबीपणाची दूरची वारस आहे.

‘आयरिश रेड’ ही मात्र शतकानुशतकं चालत आलेली परंपरा आहे, हे मला पचत नाही. आयर्लंडच्या किलकेनी शहरातली स्मिथविक्स ही ब्रूअरी आपली स्थापना १७१० ची सांगते. तिच्या आवारात सेंट फ्रान्सिसच्या जुन्या मठाचे अवशेष आहेत, त्यामुळे जाहिरातीत साधू-संन्यासी येणं ओघाने आलंच. ती ब्रूअरी २०१३ मध्ये बंद झाली आणि उत्पादन डब्लिनला गेलं. पण ‘रेड’ हे नाव जगभर गाजलं ते वेगळ्याच वाटेने. वेक्सफर्ड परगण्यातल्या एन्निस्कॉर्थी गावची लेट घराण्याची ब्रूअरी १९५६ मध्ये बंद पडली. घराण्यातल्या जॉर्ज किलियन लेट यांनी नाव वापरण्याचा परवाना आधी फ्रान्सच्या पेलफोर्थला आणि नंतर अमेरिकेतल्या कूर्सला दिला. १९८० च्या दशकात कूर्सने ‘किलियन्स आयरिश रेड’ अमेरिकाभर पोहोचवली. गंमत म्हणजे तीच बिअर पुढे लागर म्हणून विकली जात होती, एल म्हणून नव्हे. प्राचीन म्हणून सांगितला जाणारा प्रकार असा बराचसा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडलेला दिसतो. त्याने चव कमी होत नाही, पण ग्लासापुढे हात जोडायची गरजही नाही.

बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातही लाल एल असते, रूसेलारे गावच्या रोडेनबाखची सर्वात प्रसिद्ध. ती ओकच्या प्रचंड पिंपांत महिनोन्‌महिने मुरते, आत जिवाणू लॅक्टिक आणि अॅसेटिक आम्ल तयार करतात, आणि ती चांगलीच आंबट होते. नावसाधर्म्यावर जाऊन मागवली तर पहिल्या घोटालाच डोळे मिटतात. इथे ती बाजूला ठेवू.

आता घोट. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली आणि तेव्हापासून महाराष्ट्रात टाकीतून थेट ग्लासात येणारी ताजी बिअर मिळू लागली. पण सवय अजून बर्फगार लागरचीच आहे. ग्लास आधी फ्रीझरमध्ये ठेवून त्यावर पांढरी साय धरलेली, अशी बिअर पुढे येते. रेड एलचं यात सर्वात जास्त नुकसान होतं, आणि त्याचं कारण जिभेत आहे. गोड चव ओळखणाऱ्या पेशींत टीआरपीएम५ नावाची एक वाहिनी असते. ती तापमानावर चालते. थंडीत मंदावते, उबेत जोरात संदेश पाठवते. २००५ मध्ये संशोधकांनी हे दाखवून दिलं. वितळलेलं आइस्क्रीम जास्त गोड लागतं ते याचमुळे. शिवाय वासाचे रेणू थंड द्रवातून सहज उडत नाहीत. तीन-चार अंशांवरच्या रेड एलमध्ये क्रिस्टल माल्टची सगळी मेहनत मुकी होते आणि उरतो नुसता थंडपणा. ग्लास दहाएक मिनिटं टेबलावर राहू द्या. आठ-दहा अंशांना पोहोचला की तीच बिअर बोलू लागते.

आधी वास घ्यावा, मग घोट, आणि गिळल्यावर नाकातून श्वास सोडावा. शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात, आणि खरी चव तिथेच असते. गिळल्यानंतर घशातून वर जाणारी हवा वासाचे रेणू मागच्या दाराने नाकात नेते. मेंदू तो वास नाकाच्या खाती न टाकता जिभेच्या खाती टाकतो. नाक चिमटीत धरून रेड एल प्यायलात तर गोड, कडू, आंबूस आणि फसफस एवढंच कळेल. चिमटी सोडली की टॉफी, भाजकी पोळी, किंचित कॉफी असं सगळं एकदम अवतरतं.

कडूपणा हॉप्सचा. उकळताना हॉप्समधल्या अल्फा आम्लांची रचना बदलून आयसो-अल्फा आम्लं होतात, तीच कडू लागतात. माणसाकडे कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे रिसेप्टर आहेत आणि त्यांतले मोजकेच या आम्लांना दाद देतात. जिभेच्या मागच्या भागालाच कडू कळतं हा शाळेतला नकाशा चुकीचा आहे, कडू सगळ्या जिभेला कळतं. रेड एलमध्ये हा कडूपणा बेताचा असतो, गोडाला टेकू देण्यापुरता. शेवटी जीभ कोरडी करणारा जो किंचित करपट स्पर्श जाणवतो तो हॉप्सचा नाही, त्या दोन किलो भाजक्या जवाचा. रंगासाठी घातलेल्या धान्याची चवीतली सही ही. ती जाणवली नाही आणि घोट गोडच संपला, तर बहुधा लाली भाजक्या जवातून न येता भरपूर क्रिस्टल माल्टमधून आलेली असते. अशी बिअर पहिल्या चार घोटांना छान लागते, मग कंटाळा आणते.

फसफस ही नुसती बुडबुड्यांची गुदगुली नाही. आंबट ओळखणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाचं विकर असतं. ते कार्बन डायऑक्साइडपासून तिथल्या तिथे आम्ल तयार करतं. २००९ मध्ये हे सिद्ध झालं. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांना याचा पुरावा आयता मिळतो. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतलेली डायमॉक्सची गोळी हेच विकर रोखते, आणि मग सोडा काय, बिअर काय, सगळं सपक लागतं.

यीस्टचं थोडक्यात. एलचं यीस्ट १८ ते २२ अंशांच्या आसपास काम करतं आणि हलका फळांचा वास मागे ठेवतं. बिअर घाईने टाकीबाहेर काढली तर डायअॅसिटिल उरतं, त्याचा वास पॉपकॉर्नवरच्या बटरचा. रेड एलमध्ये त्याची पुसट छटा काही जण खपवून घेतात, मला ती आवडत नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर शिळी आहे.

एवढं सगळं वाचून कुणी ब्रूपबमध्ये गेलं तर त्याला टॉफी लागणारच, कारण आता डोळे आणि डोकं दोन्ही तयारीत आहेत. बोर्दो विद्यापीठात वाइनचा अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एकदा पांढरी वाइन दिली गेली, आणि तीच वाइन वास नसलेला लाल रंग घालून. रंगवलेल्या वाइनचं वर्णन करताना त्यांनी रेड वाइनचीच विशेषणं वापरली. जिल मोरो, फ्रेदेरिक ब्रोशे आणि देनी द्युबुर्दियू यांचा हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांचा मूर्खपणा शोधणारे बरेच भेटतात. मला त्यात मेंदूचा शहाणपणा दिसतो. निसर्गात आणि भट्टीत रंग आणि वास बहुतेक वेळा जोडीनेच येतात. माल्ट भाजताना ते एकत्रच तयार होतात हे आपण पाहिलं. रंगावरून वासाचा अंदाज बांधणारा मेंदू सहसा बरोबर ठरतो. अडचण एवढीच की लाल दिसणाऱ्या एलमध्ये तो टॉफी आहे म्हणून ओळखतो की असावी म्हणून, हे आपल्याला आतून कळत नाही.

बाहेरून मात्र तपासता येतं, आणि त्याची पद्धत बिअरवाल्यांनीच घडवली. १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रूअरीत त्रिकोणी चाचणी वापरात आली. तीन पेले द्यायचे, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी कोणती ते ओळखायचं. कुठली आवडली हे विचारायचंच नाही. डोळ्यांवर पट्टी किंवा अपारदर्शक पेले, तापमान सगळ्यांचं सारखं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा उत्तर बरोबर येईलच, म्हणून एका फेरीने काही ठरत नाही. थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलावं हा प्रश्नही ब्रूअरीतच सोडवला गेला होता. डब्लिनच्या गिनेसमध्ये काम करणाऱ्या विल्यम सीली गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधातून आजची टी-चाचणी आली.

आपल्या चाचणीचा हिशेब त्याहून सोपा आहे. दोन पेल्यांत ब्रूपबची फिकट एल, एकात रेड, किंवा उलट, अशा सहा फेऱ्या घ्या. डोळे झाकून सहापैकी चार वेळा बरोबर ओळखलंत तर फार खूश होऊ नका, कारण निव्वळ नशिबाने चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता दहा टक्के आहे. पाच किंवा सहा बरोबर आले तर ती शक्यता दोन टक्क्यांच्या खाली येते, आणि मग भाजका जव तुमच्या जिभेला खरंच कळतो असं म्हणायला हरकत नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, कागदोपत्री परवानाही लागतो. चाचणीला आणखी एक अट स्वतःहून घाला. प्रत्येक पेल्यात ३० मिलीच ओता आणि सहा फेऱ्या एकाच बैठकीत उरकू नका. अठरा पेले म्हणजे ५४० मिली होतात, आणि सहाव्या फेरीला उत्तर देणारी जीभ पहिल्या फेरीची राहिलेली नसते.